कल्पिताचे सत्य : कथात्म साहित्याचे स्वरूप आणि मूल्य यांविषयी काही तात्त्विक प्रश्न

१

अमरकोशात ‘आख्यायिका’ आणि ‘कथा’ यांच्यात भेद केलेला आहे. आख्यायिकेचा विषय पूर्वी घडलेला व ज्ञात असतो. कथा ही कर्त्याच्या कल्पनेने केलेली रचना असते. दंडीने ‘काव्यादर्शा’त या दोन वेगळ्या जाती मानण्याचे नाकारले व एकाच जातीची ही दोन नावे आहेत, अशी भूमिका घेतली. तथापि परंपरेत हा भेद टिकून राहिला आणि बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ हे आख्यायिकेचे, तर ‘कादंबरी’ हे कथेचे उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वळणाचा दीर्घ गद्य कथाप्रकार मराठीत आला, तेव्हा त्याच्यासाठी जे नाव रूढ झाले ते बाणाच्या आख्यायिकेवरून नव्हे, तर कथेवरून घेतलेले होते. आपण कल्पित आहोत, हे मराठी कादंबरी अशा रीतीने आपल्या नावातच सांगत असते. असे असूनही मराठीत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी कित्येकींचे नायक इतिहासातील किंवा महाभारतातील आहेत. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२), शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही ठळक उदाहरणे होत. नावाने ‘कथा’ आणि विषयाने ‘आख्यायिका’ असा हा पेच आहे.

हा पेच केवळ वर्गीकरणाचा नाही. कल्पित म्हणजे काय, कल्पित वाक्ये खरी असू शकतात काय, अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीविषयी मनुष्य शोक कसा करतो, आणि जे घडलेच नाही ते वाचण्यात मूल्य कोणते, हे सर्व प्रश्न त्याच्या पोटात आहेत. पाश्चात्त्य विश्लेषक तत्त्वज्ञानाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नांची सूक्ष्म छाननी केली आहे. भारतीय काव्यशास्त्र आणि न्यायदर्शन यांतही त्यांची चर्चा आढळते. या दोन्ही विचारधारांच्या आधारे या प्रश्नांचा उलगडा करणे आणि त्यातून मराठी कादंबरी व नाटक यांविषयीच्या काही वादांवर प्रकाश पडतो काय, हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कल्पितावर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप असत्याचा आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात अनुकरणात्म काव्याला आदर्श नगरराज्यात स्थान नाकारले, कारण त्याच्या मते कवीची कृती सत्यापासून तिसऱ्या पायरीवर असते. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तही असाच एक पूर्वपक्ष येतो : काव्य असत्य अर्थ सांगते, म्हणून ते उपदेशाला अयोग्य आहे. राजशेखराचे उत्तर असे, की अशा प्रकारची उक्ती वेदांत, शास्त्रांत आणि लोकव्यवहारातही आढळते. स्तुतीसाठी केलेल्या अर्थवादाला कोणी असत्य म्हणून टाकून देत नाही. इंग्रज कवी फिलिप सिडनी याने १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यसमर्थनात वेगळा मार्ग धरला. कवी कशाचेच प्रतिपादन करीत नाही, म्हणून तो खोटे बोलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

सिडनीच्या या उत्तराला विसाव्या शतकात जॉन सर्ल याने भाषातत्त्वज्ञानाची बैठक दिली (१९७५). विधान करणारा मनुष्य काही जबाबदाऱ्या स्वीकारतो. विधान खरे असल्याची हमी, मागितल्यास पुरावा देण्याची तयारी, स्वतःचा त्यावरील विश्वास या त्या जबाबदाऱ्या होत. खोटे बोलणारा त्या स्वीकारल्याचे भासवून मोडतो. कथाकार मात्र विधान करण्याचा बहाणा करतो, आणि तो बहाणा आहे हे लेखक व वाचक दोघांनाही ठाऊक असते. येथे फसवणूक नाही. कारण फसवणुकीला एका पक्षाचे अज्ञान लागते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा तिच्यातील ‘मी’ हा यमुना नावाच्या स्त्रीचा होता आणि पत्राचे संपादक व कादंबरीचे कर्ते मात्र आपटे होते. सर्लच्या परिभाषेत सांगावयाचे तर तृतीय पुरुषी कथेत लेखक विधाने करण्याचा बहाणा करतो, तर आत्मनिवेदनात्मक कथेत तो विधाने करणारी दुसरी व्यक्ती असण्याचा बहाणा करतो.

‘बहाणा’ हा शब्द मात्र अपुरा वाटतो. बहाण्याने कथेचे तर्करूप स्पष्ट होते. वाचकाने काय करावयाचे असते, ते त्यातून कळत नाही. केंडल वॉल्टन याने ‘मिमेसिस ॲज मेक-बिलीव्ह’ (१९९०) या ग्रंथात लेखकाच्या कृतीऐवजी वाचकाच्या कृतीवर भर दिला. भातुकलीत मातीचे गोळे लाडू ठरतात आणि कोणी एक गोळा उचलला, की ‘लाडू कमी झाला’ हे खेळापुरते खरे होते. कथेचे शब्द हे असेच कल्पनेच्या खेळातील साधन आहे. काय कल्पावे, हे ते ठरवून देतात. वाचक मनाला येईल ते कल्पू शकत नाही. यमुना विधवा झाली नाही, असे कल्पणारा वाचक खेळाबाहेर पडलेला असतो. कल्पिताला नियम असतात, हा या उपपत्तीचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. ‘हे सगळे काल्पनिक आहे’ म्हणजे ‘काहीही चालते’, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

३

यानंतरचा प्रश्न नावांचा. ‘यमुना’ हे नाव कोणाचे? फ्रेगे याने १८९२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात ओडिसियसचे उदाहरण घेऊन म्हटले, की अशा नावाला आशय असतो, परंतु निर्देश्य वस्तू नसते. म्हणून त्याने युक्त वाक्य खरेही नसते आणि खोटेही नसते. काव्य ऐकताना या उणिवेची कोणाला तमा नसते. तिची चौकशी सुरू झाली, की श्रोता कलास्वाद सोडून शास्त्राकडे वळलेला असतो. बर्ट्रंड रसेलने १९०५ मध्ये अशा वाक्यांचे पृथक्करण करून ती सरळ असत्य ठरविली.

न्यायदर्शन व बौद्ध तर्कशास्त्र यांत शशशृंग आणि वंध्यापुत्र यांच्या निमित्ताने हाच वाद झालेला दिसतो. ‘सशाचे शिंग नाही’ या वाक्याचा विषय कोणता? नैयायिकांनी वाक्याची फोड केली : ससा आहे, शिंगही अन्यत्र आहे, सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव, एवढेच वाक्य सांगते. अविद्यमान वस्तूला विषय न करता तिच्याविषयीचे वाक्य अर्थपूर्ण ठेवण्याची ही युक्ती रसेलच्या मार्गाशी मिळतीजुळती आहे. योगसूत्रांनी मात्र ‘विकल्प’ नावाची स्वतंत्र चित्तवृत्ती मानली. केवळ शब्दज्ञानामागून येणारी आणि वस्तूने शून्य अशी ती वृत्ती असून प्रमाण आणि विपर्यय यांच्याहून तिची गणना निराळी केलेली आहे. कल्पिताला भ्रमाच्या खात्यात न टाकण्याची ही सूचना साहित्यविचाराच्या दृष्टीने मोलाची आहे.

फ्रेगे आणि रसेल यांच्या उपपत्तींत एक अडचण राहते. ‘यमुना ही आपट्यांच्या कादंबरीची नायिका आहे’ हे वाक्य समीक्षक उच्चारतो तेव्हा तो बहाणा करीत नाही. तो विधान करतो आणि ते खरे आहे. यावरून पीटर व्हॅन इनवागन (१९७७), सॉल क्रिप्की (१९७३ ची व्याख्याने, ग्रंथरूपाने २०१३) आणि एमी टॉमासन (१९९९) यांनी थोड्याफार फरकाने असे मत मांडले, की पात्रे अस्तित्वात असतात, पण माणसे म्हणून नव्हे. कायदा, विवाहसंस्था किंवा राग ज्या अर्थाने मनुष्यनिर्मित आणि तरीही अस्तित्वात आहे, त्या अर्थाने पात्र आहे. टॉमासनच्या मते लेखकाच्या कृतीने ते अस्तित्वात येते आणि कृतीची प्रत व ती समजणारे वाचक असेपर्यंत ते टिकते. भाषा मृत झाली आणि सर्व प्रती नष्ट झाल्या, तर पात्रही नाहीसे होते. पोथ्या आणि नियतकालिकांचे अंक जतन करण्याच्या कार्याला यातून एक निराळाच अर्थ प्राप्त होतो.

खांडेकरांच्या ‘ययाती’तील (१९५९) ययाती महाभारतातील ययाती आहे काय, या मराठी वाचकाच्या नित्याच्या प्रश्नालाही येथे उत्तराची दिशा सापडते. दोन्ही ठिकाणी एकच माणूस आहे काय, असा प्रश्न विचारला तर तो निरुत्तर राहतो. जुन्या पात्रावर उभे केलेले नवे पात्र म्हणून त्याच्याकडे पाहिले, म्हणजे साम्य आणि भेद दोन्ही समजावून घेता येतात. ‘मूळ ययाती असा नव्हता’ हा आक्षेप मग खंडन ठरत नाही. तो दोन कृतींच्या तुलनेचा आरंभ ठरतो.

४

कथेच्या अंतर्गत काही गोष्टी खऱ्या असतात आणि काही खोट्या, हे परीक्षेला बसणारा विद्यार्थीही जाणतो. डेव्हिड ल्यूईस याने ‘कथेतील सत्य’ या विषयावरील १९७८ च्या निबंधात असे सुचविले, की अशा प्रत्येक वाक्यापूर्वी ‘त्या कथेत’ हे पद अध्याहृत असते. परंतु कथेत जे स्पष्ट शब्दांत सांगितले तेवढेच त्या कथेत खरे, असे म्हणता येत नाही. यमुनेला दोन आज्या असणार. त्या काळी पुण्याहून मुंबईस आगगाडी जात होती, म्हणून तिच्या जगातही ती जात असणार. न सांगितलेले हे सत्य वाचक कोठून भरतो? ल्यूईसने दोन पर्याय दिले : वास्तव जगातील वस्तुस्थितीवरून, किंवा ज्या समाजात कथा निर्माण झाली त्याच्या सर्वमान्य समजुतींवरून.

या दोन पर्यायांतील निवड निरुपद्रवी नाही. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीत वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असल्याचे सर्व पात्रे मानीत असतील, तर त्या कथेत ते खरे ठरते काय? दुसरा पर्याय यांत्रिकपणे लावला तर ठरेल; आणि मग रूढीविरुद्ध लिहिलेल्या कथेचे जगच रूढीच्या बाजूने साक्ष देऊ लागेल. आपट्यांच्या कादंबरीचे सामर्थ्य असे, की भोवतालच्या समजुती ती वाचकाला पुरवते, मात्र त्यांना आपल्या जगाचे नियम होऊ देत नाही. यमुनेच्या निवेदनातून त्या समजुती ‘लोकांचे म्हणणे’ म्हणूनच येतात. न सांगितलेले सत्य भरताना वाचकाला भूगोल आणि काळ यांप्रमाणेच निवेदनाचा सूरही प्रमाण मानावा लागतो. कथेच्या वाचनाला जे कौशल्य लागते, ते मुख्यतः येथे.

५

भावनांचा प्रश्न याहून अवघड आहे. कॉलिन रॅडफर्ड याने १९७५ मध्ये ॲना कॅरेनिनाच्या निमित्ताने तो मांडला. एखाद्याविषयी करुणा वाटण्यासाठी तो मनुष्य आहे आणि दुःखात आहे, असा विश्वास लागतो. कल्पित पात्र अस्तित्वात नाही, हे वाचकाला ठाऊक असते. तरीही त्याला करुणा वाटते. तिन्ही वाक्ये स्वतंत्रपणे पटणारी आहेत, पण एकत्र सुसंगत नाहीत. रॅडफर्डने निष्कर्ष काढला, की अशी भावना स्वाभाविक असली तरी ती विसंगतच होय. वॉल्टनने तिसरे वाक्य सौम्य केले : वाचकाची करुणा खेळाच्या अंतर्गत असते, ती लौकिक करुणेसारखी असली तरी लौकिक करुणा नव्हे. पीटर लामार्क आणि नोएल कॅरल यांनी पहिलेच वाक्य नाकारले. त्यांच्या मते भावनेला विश्वासाची गरज नाही, एखादी गोष्ट मनापुढे स्पष्ट उभी राहणे पुरेसे असते. कड्याच्या काठावर सुरक्षित उभा असलेला मनुष्य पडण्याच्या नुसत्या विचाराने शहारतो.

रससिद्धान्ताच्या अभ्यासकाला ही चर्चा परिचित वाटेल. श्रीशंकुकाने नटाच्या ठिकाणी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीचे वर्णन करताना चित्रातील घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्र पाहून ‘हा घोडा’ असे ज्ञान होते. ते सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. कल्पिताच्या प्रतीतीला स्वतःचे स्थान देण्याचा हा प्रयत्न आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने इसवी सनाच्या एक हजारच्या सुमारास तिचा विस्तार केला. ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाच्या भयाचे उदाहरण घेऊन तो दाखवितो, की प्रेक्षकाला जाणवणारे भय ‘माझे’ नसते, ‘शत्रूचे’ नसते, ‘या हरिणाचे’ म्हणूनही मर्यादित नसते; देश, काल आणि व्यक्ती यांच्या मर्यादा गळून भय हाच विषय उरतो.

येथे दोन परंपरांतील खरा फरक दिसतो. रॅडफर्डपुढील प्रश्न ‘ही करुणा कोणाविषयी?’ असा आहे आणि त्याला व्यक्ती हवी आहे. अभिनवगुप्ताच्या मते व्यक्तिविशेषाचे गळणे हीच रसास्वादाची अट असल्यामुळे त्या प्रश्नाची धारच बोथट होते. परंतु त्याची किंमतही द्यावी लागते. भाव साधारण झाल्यावर यमुनेचे केशवपन होताना वाचकाला येणारा संताप हा ‘या’ रूढीविरुद्धचा, ‘या’ समाजातील संताप राहील काय? आपट्यांची कादंबरी ‘करमणूक’मध्ये येत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि स्त्रीच्या स्थितीविषयी महाराष्ट्रात तीव्र वाद पेटलेला होता. त्या वाचकांचा शोक एकाच वेळी साधारण आणि विशिष्ट असणार. यमुना नाही, हे त्यांना माहीत होते. यमुनेसारख्या स्त्रिया घरात आहेत, हेही माहीत होते. कल्पित पात्रावर केंद्रित झालेली भावना त्या पात्रापाशी न थांबता त्याच्यासारख्यांकडे वळते. रससिद्धान्ताला कादंबरीसारख्या वास्तवाभिमुख प्रकाराकडे नेताना ही भर घालणे आवश्यक ठरते.

६

आता मूल्याचा प्रश्न. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत एक मार्मिक अडचण नोंदविली होती : येथील समाजजीवन आहे तसे रंगविले तर त्यात रंजक काही उरत नाही. म्हणजे सत्य आणि रंजन यांतून एकाची निवड करावी लागते, असा तो पेच होता. पुढे काही वर्षांनी त्याच सामान्य, अरंजक मानल्या गेलेल्या घरगुती जीवनातून आपट्यांनी मोठी कादंबरी उभी केली. जीवन बदलले नव्हते. त्याच्याकडे पाहण्याचे ठिकाण बदलले होते. स्वयंपाकघर आणि माजघर येथून ते जीवन प्रथमच पाहिले गेले. कल्पिताचे ज्ञानात्मक मूल्य कोणते, याचे एक उत्तर या घटनेत आहे.

ॲरिस्टॉटलने इतिहासापेक्षा काव्य अधिक तात्त्विक मानले. कारण इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य संभाव्य ते सांगते. याविरुद्ध आधुनिक संशयवादी म्हणतो, की कथेतून निघणारी सामान्य सत्ये एक तर सर्वांना ठाऊक असतात, किंवा पुराव्याशिवाय असतात. कल्पित प्रसंग हा पुरावा होऊ शकत नाही. लामार्क आणि ओल्सेन यांनी ‘ट्रुथ, फिक्शन अँड लिटरेचर’ (१९९४) या ग्रंथात हा आक्षेप पुष्कळसा मान्य करून वाङ्मयीन मूल्य सत्यावर अवलंबून नाही, तर मानवी आस्थेच्या विषयांच्या विकसनावर आहे, असे मत मांडले. मार्था नुसबाम यांनी ‘लव्ह्ज नॉलेज’मध्ये (१९९०) उलट पक्ष घेतला : नैतिक ज्ञान हे नियमांच्या ज्ञानाइतकेच विशिष्ट प्रसंग बारकाईने पाहण्याचे ज्ञान आहे आणि ते कादंबरीच्या घाटाविना मांडता येत नाही. मराठीत हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या ‘कलेसाठी कला’ व ‘जीवनासाठी कला’ या पक्षांतून गाजला; रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या रूपाने त्याला तात्त्विक पातळीवर नेले.

संशयवाद्याचा आक्षेप विधानात्मक ज्ञानापुरता खरा आहे. ‘विधवांचे हाल होतात’ हे विधान कादंबरीने सिद्ध होत नाही. त्यासाठी खानेसुमारी आणि साक्षी लागतात. परंतु ते विधान ज्याला आधीच मान्य आहे, त्यालाही घरातील विधवा दिसत नाही, असे होऊ शकते. जे माहीत आहे ते दृष्टीस पडणे, ही ज्ञानातीलच एक पायरी आहे, आणि तेथे पुराव्याची नव्हे, लक्ष वेधण्याची आवश्यकता असते. आपट्यांनी कादंबरीला दिलेले प्रश्नार्थक नाव याच उणिवेवर बोट ठेवते.

७

या विवेचनाच्या प्रकाशात आरंभीच्या पेचाकडे परत जाता येते. ‘स्वामी’तील माधवराव हे नाव रिकामे नाही, थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊर येथे निधन पावले. कादंबरीतील त्यांचे रमाबाईंशी एकांतातील संभाषण मात्र कल्पित आहे. वॉल्टनच्या रीतीने सांगता येईल, की येथे वाचकाने एका खऱ्या माणसाविषयी काही गोष्टी कल्पावयाच्या असतात. नाव खऱ्या व्यक्तीकडे निर्देश करते; विधानाची हमी तेवढी काढून घेतलेली असते. असे संभाषण ऐतिहासिक पुरावा म्हणून उद्धृत करणारा वाचक खेळातील लाडू बाजारात विकावयास नेतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’च्या (१९७२) वादात याची दुसरी बाजू पुढे आली. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, अशी भूमिका नाटककाराने घेतली होती; नाना फडणवीसांची बदनामी होते, असा विरोधकांचा आरोप होता. विरोधकांनी नाटकातील प्रसंगांना साक्षीचे स्थान दिले, ही त्यांची चूक होती. कारण बहाणा हा उघड होता, आणि नाचगाण्यांची व मानवी भिंतीची रचना तो क्षणोक्षणी उघड करीत होती. तथापि ‘हे सर्व कल्पित आहे’ एवढ्याने प्रश्न मिटतो, असेही नाही. नानांच्या नावाऐवजी एखादे अज्ञात नाव घातले असते, तर नाटकाचा अर्थ क्षीण झाला असता. पेशवाईच्या पुण्याविषयी प्रेक्षकाला जे माहीत आहे आणि प्रिय आहे, त्यावरच नाटक आपला आघात करते. खऱ्या नावापासून शक्ती घ्यावयाची आणि त्या नावाविषयीचे सर्व उत्तरदायित्व नाकारावयाचे, ही भूमिका तर्कदृष्ट्या टिकत नाही.

परंतु ते उत्तरदायित्व इतिहासकाराचे नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथाला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारणे योग्य आहे. कादंबरीला किंवा नाटकाला विचारावयाचा प्रश्न निराळा : सत्ता, निष्ठा, लोभ किंवा मृत्यू यांची जी शक्यता या नावाभोवती उभी केली, ती या माणसांच्या जगात संभाव्य वाटते काय, आणि ती पाहून वाचकाची दृष्टी अधिक तीक्ष्ण होते की अधिक सुखावून बोथट होते? या कसोटीवर एखादी गौरवपर कादंबरी तपशिलात अचूक असूनही उणी ठरू शकते आणि एखादे नाटक तपशील मोडूनही खरे ठरू शकते. त्याचप्रमाणे उलटही घडू शकते. कसोटी कोणत्याही पक्षाला आगाऊ झुकते माप देत नाही.

ज्या समाजाचा मोठा भाग आपला भूतकाळ दप्तरखान्यातून नव्हे, तर कादंबरी आणि रंगभूमी यांतून ओळखतो, त्या समाजात हा विवेक केवळ सौंदर्यशास्त्राचा उरत नाही. कल्पिताला साक्ष समजणारा वाचक आणि कल्पिताला खोटी साक्ष समजून दंड करू पाहणारा जमाव, हे दोघेही कथेच्या वाक्याला विधान मानण्याची एकच चूक करीत असतात. ती टाळावयाची तर अमरकोशातील जुना भेद कृतींच्या जाती ठरविण्यासाठी न वापरता, एकाच कृतीच्या वाचनात वाक्यागणिक वापरावा लागेल. कोणते वाक्य हमी देते आणि कोणते कल्पना करावयास सांगते, हे ओळखण्याची सवय साहित्याच्या अध्यापनाने लावली, तर त्याचे एक प्रमुख कार्य पार पडले असे म्हणता येईल.